सहा नंबरचा गुडघा

मानवजातीच्या कल्याणासाठी देह ठेवणाऱ्यांची नावं काळाच्या ओघात पुसली जातात, असं मी पूर्वी मनापासून मानत असे. आमच्या प्रकल्पात असा देह ठेवणारा जो होता त्याला मुळात नावच नव्हतं. नंबर होता, सहा. आणि त्यानं देह ठेवला तो मानवजातीसाठी नव्हे, भैरोबासाठी. आणि मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात.

चैत्रातल्या त्या रविवारी अकराच्या सुमाराला मी खिरमाळवाडीत हौसाबाई कोळेकरांच्या गोठ्यासमोर स्कूटर लावली आणि सवयीप्रमाणे आधी जनावरं मोजली. सहा भरली. पाच शेळ्या, एक बोकड. प्रत्येकाच्या गळ्यात संस्थेची पिवळी पट्टी, पट्टीवर नंबर. मी वहीत 'सर्व हजर' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली. सरकारी कामात एवढं झालं की प्राणी जिवंत समजला जातो.

मग बोकडाकडे नीट लक्ष गेलं. आमचा सहा नंबर पांढरा होता, डाव्या कानावर तांबडा ठिपका असलेला, स्वभावानं भित्रा. हा काळा कुळकुळीत होता, मागे वळलेल्या शिंगांचा, आणि 'आपली ओळख झालेली नाही' अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता.

"हौसाबाई, हा कोण?" मी हाक मारली.

"सहा नंबर," हौसाबाई चुलीपासून म्हणाल्या.

"सहा नंबर पांढरा होता."

"हुता." त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर जत्रेचा भंडारा फासलेला. "त्यो देवाला गेला. सकाळी सात वाजता. आता हितंच हाय."

त्यांनी मानेनं चुलीकडे खूण केली. तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. प्रामाणिकपणे नमूद करायला हवं, की वास फार चांगला होता.

मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसलो. का बसलो ते कळण्यासाठी थोडं विज्ञान सांगावं लागेल.

गुडघ्यातली हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. लोक त्याला गादी म्हणतात. ही गादी एकदा फाटली की शरीर ती सहसा पुन्हा शिवत नाही. खड्डा पडतो आणि वाढत जातो. आमचे डॉ. रत्नपारखी सर गेली अकरा वर्षं त्या खड्ड्यासाठी ठिगळ तयार करत होते. रेशमाच्या कोशातलं प्रथिन काढायचं, धुवायचं, गोठवायचं, सुकवायचं. शेवटी शर्टाच्या बटणाएवढी एक पांढरी, सच्छिद्र चकती हाती येत असे. सर समजावून सांगायचे, "टिळेकर, आपण वेलीला मांडव घालतो ना, तसा हा मांडव आहे. पेशी त्यावर चढतात, पसरतात, आपली गादी आपण विणतात. वेलीनं जोर धरला की मांडव आपोआप विरघळतो." सरांचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले होते. त्यामुळे संस्थेचा जिना चढताना ते दर पायरीवर थांबत आणि प्रत्येक थांब्यावर संशोधनाची गरज पटवून देत.

माणसात बसवण्याआधी ठिगळ जनावरात बसवून दाखवावं लागतं. म्हणून सहा जनावरं. पाच शेळ्या आणि एक बोकड, कारण खरेदी विभागाला सहावी शेळी मिळाली नाही आणि गुडघ्याला कसलं आलंय स्त्री-पुरुष, असं त्यांचं लेखी मत पडलं. ऑपरेशनला बाहेरून एक पशुवैद्य बोलावले. त्यांनी प्रत्येक जनावराच्या डाव्या मागच्या गुडघ्यात बटणाएवढा खड्डा पाडायचा आणि मग नाणं उडवायचं. छापा आला तर खड्ड्यात ठिगळ, काटा आला तर खड्डा रिकामा ठेवून टाके. काय केलं ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद. सरांना आणि मला आत प्रवेश नव्हता. आम्हांला कळलं तर आमची नजर आपोआप ठिगळाच्या बाजूनं झुकेल म्हणून. सहा महिन्यांनी गुडघे उघडायचे, कुठला खड्डा भरला ते नोंदवायचं, आणि त्यानंतरच पाकिटं फोडायची.

मधले सहा महिने जनावरांनी चढ-उतारावर नैसर्गिक रीतीनं चालावं, अशी अट होती. संस्थेच्या आवारात चढ फक्त सरांच्या जिन्याचा होता. म्हणून ती खिरमाळवाडीला, डोंगराच्या पायथ्याशी, हौसाबाईंकडे सांभाळायला दिली होती. सोमवारी जीप येऊन सगळ्यांना परत नेणार होती आणि बुधवारी मुंबईहून समिती येणार होती. समितीच्या अध्यक्षा डॉ. सबनीस. त्यांनी एका ठिकाणी मेलेल्या सशाच्या मृत्यूचा दाखला मागितला होता, अशी त्यांची ख्याती. सहा गुडघ्यांतला एक जरी हरवला, तरी त्याचा अर्थ एकच निघणार होता: बिघडलेला गुडघा लपवला. मग प्रकल्प बंद. सरांची अकरा वर्षं गेली, आणि मी अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर चौथ्यांदा तात्पुरता होतो तो कायमचा घरी.

"हौसाबाई," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "आमचा बोकड तुम्ही देवाला का दिलात?"

"नवस हुता."

"कसला नवस?"

"आवो, तुमी आणून सोडला तवा पाय टेकत नव्हता. ऱ्हाऊन ऱ्हाऊन वरडायचा. लंगडं जनावर दारात बघवतं व्हय? म्या भैरोबाला म्हनलं, देवा, ह्येचा पाय सुधरू दे, ह्योच बोकड तुला वाहीन." त्यांनी डोंगरावरच्या देवळाकडे हात जोडले. "सुधारला. वाहिला."

"पण बोकड संस्थेचा होता!"

"म्हनून तर माझा दिला न्हवं बदल्यात! चार किलो जास्तीच भरंल. तुमची पट्टी बी काढून ह्येच्या गळ्यात घातली, उगं हाफिसात घोळ नको. सहाचं सहा हाईत. तुमचं नुकसान कुटं झालं?"

"मग हा काळाच द्यायचा देवाला!"

हौसाबाईंनी माझ्याकडे शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "असं कसं? नवस पांढऱ्याचा. देवाला बदली चालत न्हाई, सायेब. हाफिसाला चालती."

त्यानंतर सरकारी नोकरीत काढलेल्या चौदा वर्षांत मला या विधानात खोट काढता आलेली नाही.

"आन् चढला कसा म्हनता!" हौसाबाई रंगात आल्या. "दोनशे चाळीस पायऱ्या देवळाच्या. एकदा बी थांबला न्हाई. मलाच तीनदा बसावं लागलं. त्यो वरून मागं वळून बघायचा, म्हातारी आली का न्हाई म्हनून."

शास्त्रज्ञ म्हणून मला क्षणभर फार आनंद झाला, हे कबूल करतो. पाय न टेकणारा बोकड दोनशे चाळीस पायऱ्या चढतो, म्हणजे गुडघा भरला होता. प्रयोग यशस्वी झाला होता, आणि यशस्वी झाल्यामुळेच तो आता शिजत होता.

"त्याचा डावा मागचा गुडघा कुठे आहे?" मी उठलो.

"मला काय म्हायती? कापला बाबालालभाईनं, त्यास्नी इचारा. आन् लांब जाऊ नगा, पंगत बसतीयाच."

बाबालाल मुलाणी चिंचेखाली पाणी घालून सुऱ्या धूत बसले होते. गावातली सगळी बकरी त्यांच्याच हातून जायची. जत्रेच्या दिवशी तर त्यांना मान वर करायला फुरसत नसे. मी डाव्या मागच्या तंगडीबद्दल विचारलं आणि घाईघाईत पुढचंही विचारून गेलो, "गुडघ्यावर घाव तर घातला नाहीत ना?"

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"सायेब, चाळीस वर्सं ह्या गावाची बकरी कापतोय. सांध्यावर घाव घालणारा मानूस न्हवं मी. सांधा सोडवायचा असतोय. टोक आत सरकवायचं, पाय जरा मुरगाळायचा, आपसूक सुटतोय. घाव घालनारा म्हंजी लाकूडतोड्या."

"चुकलं. म्हणजे गुडघा आख्खा होता?"

"आख्खा. मांडीची नळी वरून छाटली, गुडघ्याचं टोक तसंच ठिवलं. हौसाबाई म्हनल्या, जावई पैल्यांदा जत्रंला आल्याती, नळी चांगली दिसाय पायजे."

"त्या टोकाला काही वेगळं दिसलं? खड्डा? डाग?"

बाबालालभाईंनी डोळे मिटून आठवलं. "काय बी न्हाई. डावा आन् उजवा, दोन्ही सारखं. मोत्यावानी गुळगुळीत. का?"

"सहा महिन्यांपूर्वी डाव्याला आम्ही भोक पाडलं होतं."

"का?"

"बुजवायला."

बाबालालभाईंनी भिजलेले हात झटकले. "सरकारी काम हाय का?"

"हो."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि पुढची सुरी धुवायला घेतली.

मी परत येईपर्यंत पंगत बसली होती. घोंगड्या अंथरलेल्या, आठ-दहा माणसं मांडी घालून; मधोमध, नव्या कोऱ्या घोंगडीवर, जावई. पोपटराव मदने. वीज मंडळात वायरमन, लग्नाला चार महिने झालेले, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. त्यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली होती. हौसाबाईंची मुलगी मंदा स्वयंपाकघराच्या दारात भाकऱ्यांची चळत घेऊन उभी होती.

मी बसायच्या आतच हौसाबाईंनी माझ्या ताटात वाढलं. रस्सा, आणि त्यातून बुरुजासारखी उभी एक नळी. "डाक्टरसायबास्नी बी नळी. जावयाचा मान तसाच त्येंचा." मी डॉक्टर नव्हतो. हे मी सहा महिन्यांत तीनदा सांगितलं होतं, मग सोडून दिलं होतं.

मी नळी उचलली, गुडघ्याचं टोक फिरवून बघितलं. एमएस्सीचं शिक्षण आयुष्यात एकदाच थेट कामी आलं ते इथे. नळी उजवी होती. म्हणजे डावी कुठे होती हे सांगायला एमएस्सी लागत नव्हतं. पोपटरावांनी ती दोन्ही हातांनी उचलून तोंडापर्यंत नेली होती.

"थांबा!" मी ओरडलो.

अख्खी पंगत थांबली. कुणीतरी घास तसाच हातात धरला.

"ती नळी खाऊ नका."

"का?" पोपटराव म्हणाले.

माझ्या डोक्यात कूर्चा, रेशीम, समिती, सरांचा जिना, असं सगळं एकदम आलं आणि तोंडातून एवढंच बाहेर पडलं: "ती सरकारी आहे."

पोपटरावांनी नळी हळूच ताटात ठेवली. टोपी नीट केली.

"मी बी सरकारीच हाय," ते म्हणाले. "सासुरवाडीला पैल्यांदा जत्रंला आलोय. इतक्या मान्सांत ताटातली नळी काढून घ्यायला लागल्यात. बास झालं. उठतो मी."

"आवो जावईबापू!" हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. जावई भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. समिती त्यापुढे काहीच नव्हती. "सायेब, आवो काय केलं हो ह्ये! पोरीला वर्सभर आयकून घ्यावं लागंल."

"मी समजावून सांगतो," मी म्हणालो आणि सांगितलं. पंगतीसमोर, उभ्यानं, हातात उजवी नळी घेऊन. गुडघ्यातली गादी, खड्डा, रेशमाचं ठिगळ, वेल आणि मांडव. मी आजवर अनेक परिषदांत बोललो आहे, पण इतके तन्मय श्रोते पुन्हा मिळाले नाहीत; कारण इथे कुणालाही माझं संपल्याशिवाय जेवता येत नव्हतं.

"म्हंजी," पोपटराव अर्धवट उठलेल्या अवस्थेत म्हणाले, "मान्साचा गुडघा बी बरा हुनार?"

"हाड मिळालं तर होणार."

"आवो, बसा की खाली," दारातून मंदा म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू येईल इतकाच हळू. "गेल्या म्हैन्यात तुमच्या सायबानं घरचा मीटर तपासाय काढून न्ह्येला, तवा दिलाच न्हवं गपगुमान? तवा कुटं उठला हुता ताटावरनं?"

पंगतीत कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात लपवलं. पोपटरावांचे कान लाल झाले. पण ते बसले. माझ्या मते मंदानं त्या दिवशी भारतीय विज्ञानासाठी जे केलं त्याची दखल घेतली गेलेली नाही.

"देतो," पोपटराव म्हणाले. "पर अटी हाईत."

"बोला."

"नळीतला रस माझा. हाड तुमचं."

"कबूल. रसाची आम्हांला गरज नाही."

"तुमच्या ताटातली बी नळी मला."

"घ्या."

"आन् तुमच्या कागदावर माझं नाव आलं पायजे. पूर्न. पोपटराव बाजीराव मदने."

"येईल."

त्यांनी नळी उचलली, छाटलेल्या टोकाला तोंड लावलं आणि एकदाच असा काही आवाज काढला की कोपऱ्यात बसलेला काळा बोकडसुद्धा दचकला. नमुना तयार करण्याची ही पद्धत माझ्या माहितीत नव्हती. मग त्यांनी हाड धोतराच्या सोग्यानं पुसून, दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसं माझ्या हातात दिलं. मी ते हौसाबाईंकडून मागून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, वर गार पाणी ओतलं, झाकण लावलं. आणि जेवायला बसलो. विज्ञानाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रस्सा मी तीनदा घेतला.

निघताना हौसाबाई स्कूटरपर्यंत आल्या.

"गुडघा कुनी बरा केला म्हनून लिवनार?"

"ठिगळानं," मी म्हणालो.

"लिवा. म्या कुटं आडवी येते? तुमाला कागद लागतो. भैरोबाला लागत न्हाई." मग जरा थांबून, "डबा तेवढा परत पाठवा. बाजाराचा न्हाई, मंदाच्या लग्नातला हाय."

दुपारी चारला मी सरांच्या घरी टेबलावर डबा उघडला. खोलीभर वास सुटला. सगळी हकिगत ऐकताना सरांचा चेहरा हलला नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"टिळेकर, हे फॉर्मलिनमध्ये का नाही?"

"त्यांच्याकडे नव्हतं, सर."

सरांनी चिमट्यानं हाड उचललं, भिंगाखाली धरलं, फिरवलं, खिडकीजवळ नेलं. मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा वाचून काढलं.

"भरलाय," ते म्हणाले. "टिळेकर, काठोकाठ भरलाय. शिजून थोडा मऊ पडलाय, पण कड दिसत नाही. कुठे खड्डा होता ते मलासुद्धा शोधावं लागतंय." त्यांनी चष्मा काढला आणि पोपटरावांनी धोतराच्या सोग्यानं हाड पुसलं होतं, तसा तो शर्टाच्या टोकानं पुसला. "अकरा वर्षं झाली हो."

दुसऱ्या दिवशी संस्थेचा जिना चढताना ते फक्त दोनदा थांबले.

बुधवारी समिती आली. डॉ. सबनीस बारीक चणीच्या होत्या आणि प्रत्येक कागद उलट बाजूनंही बघत. पाच जनावरांचे गुडघे रीतसर काचेच्या बरण्यांत होते. सहाव्या जागी पांढऱ्या बशीत हाड होतं, आणि अहवालात माझं वाक्य होतं: 'क्रमांक सहाचा प्राणी स्थानिक धार्मिक कार्यक्रमात सहभागी झाल्याने नियोजित दिनांकाच्या एक दिवस आधी अभ्यासातून बाहेर पडला.'

"सहभागी?" डॉ. सबनीस म्हणाल्या.

"मुख्य भूमिकेत," सर म्हणाले. सर खोटं बोलत नसत. त्यांना जमतही नसे.

"हा नमुना शिजलेला आहे."

"हो मॅडम," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"दोन तास. चुलीवर."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग चिमट्यानं हाड उचलून त्यांनी सरांच्या दुप्पट वेळ बघितलं.

"शिजलेला गुडघा हिशेबात धरता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली यातलं काही टिकलेलं नसणार. तेव्हा याचं पाकीटही फोडायचं कारण नाही. पण तुम्ही काही लपवलेलं नाही, एवढं उघड्या डोळ्यांनी दिसतंय. लपवायचा गुडघा असा नसतो. इतका भरलाय म्हणजे ठिगळच असणार."

"ते उघडच आहे," सर म्हणाले.

बाकीची पाच पाकिटं फोडली. तिघांत ठिगळ होतं आणि तिघांचे खड्डे भरले होते. दोघांत काही नव्हतं आणि दोघांचे खड्डे होते तसे होते, काठ थोडे अजूनच ढासळलेले. इतका सरळ निकाल मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. डॉ. सबनीसांनी माणसांवरच्या चाचणीच्या शिफारशीवर सही केली आणि बशीतल्या हाडाकडे बघत, जाता जाता विचारलं, "हे पोपटराव बाजीराव मदने कुठल्या विभागाचे?"

"विद्युत," मी म्हणालो.

पुढचं सगळं चांगलंच झालं. परदेशी मासिकात लेख छापून आला, आभारात पोपटरावांचं नाव आलं, त्यांनी ते पान चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. मी कायम झालो. काळा बोकड एकही ऑपरेशन न होता सहा नंबर म्हणून संस्थेच्या दप्तरी राहिला आणि म्हातारा होऊन मेला. त्याच्या मृत्यूचा दाखला मी न मागताच पाठवून दिला. माणसांवरच्या चाचणीत अठरा जण होते. त्यांतले नववे पोपटराव. खांबावरून पडले, गुडघ्यात खड्डा पडला, आणि त्यांनी नाव आधीच छापून आलंय या आधारावर आपला हक्क सांगितला. ठिगळ बसवलं, गुडघा भरला, ते पुन्हा खांबावर चढले. हौसाबाईंनी या वेळीही भैरोबाला नवस बोलला होता, असं मला मागाहून कळलं. नारळाचा. मंदानं त्यांना तेवढ्यावरच थांबवलं.

सरांना मात्र ते ठिगळ बसवता आलं नाही. ठिगळ खड्ड्यासाठी असतं. सरांच्या गुडघ्यात खड्डा नव्हता, सगळा रस्ताच गेलेला होता.

गेल्या महिन्यात संस्थेची कपाटं नव्या इमारतीत हलवताना जुन्या फाइलीतून एक पाकीट पडलं. पशुवैद्यांचं अक्षर, वर 'सहा', लाखेचं सील शाबूत. मी ते घेऊन संध्याकाळी सरांकडे गेलो. सर आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, तळमजल्यावर राहायला आले आहेत, आणि काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात.

"फोडा," सर म्हणाले. "आठवण म्हणून ठेवू."

मी सील तोडलं. चिठ्ठीवर चार शब्द होते. 'सहा. काटा. खड्डा रिकामा.'

मी चिठ्ठी सरांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, उलटी करून बघितली, परत वाचली.

"रिकामा खड्डा भरत नाही," ते म्हणाले. "हे मी किमान तीसदा छापलंय."

"हो सर."

"क्वचित भरतो म्हणा. लहान वय, लहान खड्डा, डोंगरावरची चाल..."

"असू शकतं, सर."

"तो गुडघा कच्चा आला असता, तर हिशेबात धरावा लागला असता. मग सबनीसबाईंनी सही केली असती का?"

"नसती, सर."

"नसतीच." सरांनी चिठ्ठीची घडी घालून ती पाकिटात ठेवली. "मासिकाला पत्र टाकायला हवं. वगळलेला होता, तरी."

"उद्याच टाकतो."

सरांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग खिडकीबाहेर बघत, सहज आठवल्यासारखं विचारलं, "त्या हौसाबाई आहेत अजून?"

"आहेत सर. ठणठणीत."

"आणि तो त्यांचा भैरोबा. माणसांचंही बघतो का?"

"पोपटरावांचं बघितलं असं त्यांचं म्हणणं आहे."

"हं." सरांनी काठी जवळ ओढली. "रविवारी तुमची गाडी मोकळी आहे? हसू नका, टिळेकर. पुराव्याचा अभ्यास म्हणून म्हणतोय."

"गाडी मोकळी आहे, सर," मी म्हणालो. "पण देवळाला दोनशे चाळीस पायऱ्या आहेत."

सरांनी काठी परत भिंतीला टेकवून ठेवली.